बुधवारी भरून ठेवलेली वीज

आमच्या तळवड्याच्या शेडसमोर एक शिडाची बोट उभी आहे, आणि इथून समुद्र घाट उतरून गेल्याशिवाय दिसत नाही, हे मला रोज कोणीतरी येऊन सांगतं. जसं काही मला ठाऊकच नाही. शेजारचा पावडर कोटिंगवाला, टपरीवरचा चहावाला, कुरिअरवाला, सगळ्यांनी विचारून झालं आहे की ही इंद्रायणीत सोडणार की पवनेत. एकीत फेस, दुसरीत जलपर्णी, कुठेही सोडली तरी जागची हलायची नाही, असं मी सांगते आणि कामाला लागते.

बोट हे नवऱ्याचं वेड. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना तो म्हणणंच सुटसुटीत पडतं. तो इथल्याच जुन्या गावातला. घरची जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने शेड टाकली आणि बसगाड्यांचे फायबरचे बंपर बनवून चाकणच्या कंपन्यांना पुरवले. एकदा कुणाच्या तरी ओळखीने मुंबईला एका बोटीच्या तळाची भेग बुजवायला गेला. मालकाने खूश होऊन त्याला शीड लावून फिरवून आणलं. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस तो. समुद्रावरून जो परत आला तो दुसराच कोणीतरी होता. धंदा आवरता घेतल्यावर त्याने तसलीच एक जुनी, आतून कुजलेली बोट घेतली आणि ट्रेलरवर घालून घाट चढवून इथे आणली. इथे आणायचं कारण साधं होतं. फायबरचं काम त्याला स्वतःला येतं, वेल्डर गल्लीत, लेथ समोरच्या शेडमध्ये आणि वीजवाली घरात.

वीजवाली म्हणजे मी. वडील लातूरकडून पिंपरीला कंपनीत कामाला आले. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलच्या तारा जोडायला शिकले आणि पुढे स्वतःचं छोटं युनिट चालवलं. माझं समुद्राशी काही नातं नाही. पण मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्माचा आजार आहे. सिनेमाला गेले तरी मध्यंतरापर्यंत दोनदा उठते. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर खोल्यांतून फिरत असते, पडदे सरळ करते, ते परत वाकडे करते. युनिट बंद केल्यापासून तर माझी अवस्था पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी झाली होती. त्यामुळे बोट आली तेव्हा नवऱ्याला वाटलं मी भांडेन, आणि मी मात्र पहिल्याच दिवशी टेस्टर घेऊन आत शिरले. पावसाळा संपला की ही मुंबईहून पाण्यात पडणार, किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत, तिथून लक्षद्वीप, पुढचं पुढे. आणि मी तिच्यात असणार, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

अडचण एकच होती, आणि ती माझ्या अंगातच होती. मला बरीच वर्षं साखर आहे, आता इन्शुलिनवर. रोजच्या वापरातलं इंजेक्शनचं पेन बाहेर काही दिवस चालतं, पण महिनोन्‌महिन्यांचा साठा थंडच लागतो, आणि बोटीच्या आत उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त उकडतं. म्हणजे फ्रिज हवा, तो रात्रंदिवस चालायला हवा, आणि त्यासाठी वीज हवी. आमची मुलगी रावेतला राहते, आयटीत आहे, आणि आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी असल्यासारखी वागते. तिने स्पष्ट सांगितलं की चाचणी घ्यायची. फ्रिजचा काटा आठ अंशांच्या वर गेला नाही तर आई जाईल. गेला तर बाबा एकटे जातील, आणि आई बंदराबंदरात गाडीने जाऊन त्यांना भेटेल. बाबांवर एकटं जायची वेळ आली तर, म्हणून तिने एक ऑटोपायलटही मागवून दिला. सुकाणू स्वतः धरून बोट ठरल्या दिशेने नेणारं ते यंत्र. माणसाने खुशाल झोपावं.

बंदराबंदरात गाडीने. कंपनीच्या गेटवर डबा घेऊन उभी राहणारी बायको मी कधी नव्हते, आता साठीत होणार होते. माझं डोकं फिरलं. पण मुलीचं चूक कुठे होतं ते मला दाखवता येईना, म्हणून मी जास्तच चिडले.

मग मी वीज बांधायला घेतली. मागच्या बाजूला कमान उभारून तिच्यावर सोलरची पॅनेलं बसवली, खाली बाकड्यांच्या पोटात लिथियमच्या बॅटऱ्या, इंजिनाला वीज करणारा अल्टरनेटर होताच. पण डिझेलची टाकी एवढीशी, आणि इंजिनाच्या आवाजाने नवऱ्याचं तोंड कडू होतं. वाऱ्यावर फिरणारा पंखाही मी विचारात घेतला आणि सोडला. आम्ही जाणार त्या दिवसांत सकाळी वाराच नसतो. कारखान्यात आम्ही विचारतो, एका वेळी लोड किती? बोटीवर हा प्रश्न कामाचा नाही. तिथे विचारायचं की दिवसभरात पिकलं किती आणि दिवसभरात खाल्लं किती. हे मी नवऱ्याला शिकवलं, मुलीला शिकवलं, चहावाल्यालाही शिकवलं. स्वतःला शिकवायचं राहिलं होतं, ते पुढे कळलं.

चाचणीसाठी मी गुरुवार निवडला. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे सुट्टीचा वार आणि लाइट जाण्याचाही वार. बाहेरून आलेल्या माणसाला हे दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. गुरुवारी मशीन बंद, रस्त्याला शांतता, दुरुस्तीसाठी लाइट सकाळी जाते ती कधी संध्याकाळीच येते. मला वाटलं, समुद्राच्या जवळात जवळचा वार हाच. शेडमधल्या बोर्डातच वीज नसेल तर मोह होणार नाही. डोलकाठी उभी करता येत नव्हती, कारण आवारावरून हाय टेन्शनच्या तारा जातात. मग तिची सावली पडेल तेवढा भाग झाकायला मी कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पॅनेलवर बांधला. तो वर्षानुवर्षं सगळ्यांचा उजेड अडवतो, जरा आमचाही अडवू दे. ऑटोपायलट उभ्या बोटीत चालवून काय कळणार? म्हणून तो ओढेल तेवढी वीज खायला गाडीच्या हेडलाइटचे बल्ब जोडून ठेवले. माझी तयारी बघून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

त्या गुरुवारी आम्ही दोघं सकाळीच बोटीत जाऊन बसलो. बसलो म्हणजे तो बसला. मी मीटरसमोर उठबस करत होते. बॅटरीत किती उरली ते फोनवर दिसत होतं आणि फ्रिजच्या दाराला मुलीने लावलेला थर्मामीटर होता. ढग आला की माझा जीव खालीवर, ढग गेला की मी वर जाऊन फ्लेक्स सरळ आहे का ते बघायची. नवरा म्हणाला की समुद्रावर अशी नाचलीस तर बोट कलंडेल. दुपारी चटणी-भाकरी खाल्ली, गार पाणी प्यायलो, दिवस सरला, रात्र गेली. शुक्रवारी सकाळी मुलगी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून आली. काटा पाचावर होता. बॅटरी थोडी उतरली होती, पण एवढं उतरणारच असं मीच म्हणाले. तिने थर्मामीटरचा फोटो काढला, मला मिठी मारली आणि संध्याकाळी पेढे आणते म्हणाली. मी तिला म्हटलं, मला साखर आहे. पण त्या दिवशी मी अर्धा पेढा खाल्ला.

तो आठवडा मी हवेत होते. कपाट उघडून बोटीवर काय न्यायचं ते काढायची, परत ठेवायची. शेजारणींना लक्षद्वीप नकाशात दाखवायची. मग पुढचा बुधवार आला.

बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे काय चालतं ते इथल्या कुठल्याही बाईला विचारा. दळण आणायचं. चटणी वाटून घ्यायची. पिण्याचं पाणी भरायचं, सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावायचे, इस्त्री उरकायची. आणि फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवायच्या, म्हणजे गुरुवारी लाइट गेली की त्या खाली सरकवल्या की फ्रिज थंड राहतो. आता सोसायटीत जनरेटर आहे, तरी माझा हात थांबत नाही. त्या बुधवारीही मी फ्रिजर उघडला आणि माझ्या बाटल्या शोधू लागले. कोल्ड्रिंकच्या जुन्या जाड बाटल्या, खास त्याच कामाच्या. एकही नव्हती. सिंकखाली बघितलं, गॅलरीत बघितलं. मिक्सर तसाच सोडून मी फ्रिजरचं दार उघडं धरून उभी राहिले, आणि त्या गार हवेत मला घाम फुटला.

बाटल्या बोटीच्या फ्रिजमध्ये होत्या. भाजीच्या मागे. मला बघायचीही गरज नव्हती.

आणि मग एकेक करून सगळं उलगडत गेलं. चटणी बुधवारी घरच्या मिक्सरवर वाटलेली. गार पाणी घरच्या फ्रिजमधलं. फोन घरी चार्ज केलेले. बॅटऱ्या बुधवारी रात्री शेडच्या लाइटवर चार्जर लावून काठोकाठ भरलेल्या. तो चार्जर तर मीच लावला होता, हात आपोआप गेला होता. आम्ही समुद्राची चाचणी घेतलीच नव्हती. आम्ही नेहमीचा गुरुवार काढला होता. घरच्या इन्व्हर्टरवर जसे पंखा लावून वाट बघत बसतो, लाइट येईलच इतक्यात, तसे बसलो होतो. समुद्रावर ती येत नाही, आणि समुद्रावर बुधवारही नसतो.

नवरा हॉलमध्ये वाऱ्यांचे नकाशे बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि बाटल्या कुठे आहेत विचारलं. तो एकदम खाली बघायला लागला. मी म्हटलं, सवयीने नेल्या असतील तर तसं सांगा, मी समजू शकते. त्याने चष्मा काढला.

"मुद्दामच ठिवल्या," तो म्हणाला. "तू नापास झाली असतीस तर म्या काय करायचं व्हतं?"

मला एवढा राग आला की मी आधी मिक्सर बंद करून आले. मग त्याला जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बर्फाला टेकलं तर इन्शुलिन गोठून वाया जातं हे तरी माहीत होतं का, हे विचारलं. पेढे कसले वाटले, हे विचारलं. भर समुद्रात काटा वर गेला असता तर बुधवारच्या बाटल्या कुठून आणल्या असत्या, हेही विचारलं. त्याला शब्द लवकर सापडत नाहीत, आणि मला नको तितके सापडतात, असाच आमचा संसार झाला आहे. पण बोलून दमल्यावर मला दिसलं की त्याने लबाडी माझ्यासाठी केली होती, मला सोडून जायला नको म्हणून केली होती, आणि त्यामुळे राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मुलीला फोन लावला आणि सांगून टाकलं की निकाल खोटा आहे, परत घेणार. ती म्हणाली, "आई, तू नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं." मी म्हटलं, म्हणूनच.

दुसऱ्या चाचणीला वार बघितला नाही. बॅटऱ्या निम्म्या रिकाम्या करून, फ्रिज गरम ठेवून, रिकामे फोन आणि साधं पाणी घेऊन आम्ही सोमवारी चढलो. चारी बाजूंनी प्रेस धडधडत होते, ग्राइंडिंगची धूळ येऊन पॅनेलवर बसत होती, आणि मी ओलं फडकं घेऊन वरखाली करत होते. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. मी दिवे घालवले, पंखा बंद केला, फोन बंद केला. नवऱ्याला श्वासही कमी घे म्हणायचं तेवढं राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी हेडलाइटचे बल्ब मंदही न होता एकदम विझले. लिथियमचं तसंच असतं, शेवटपर्यंत सांगत नाही. पाठोपाठ फ्रिजची घरघर थांबली. आम्ही दोघं काटा चढताना बघत बसलो. सात, आठ, नऊ. एवढा वेळ एका जागी मी आयुष्यात बसले नसेन.

मुलगी संध्याकाळी आली तेव्हा काटा चौदावर होता. तिने फोटो काढला नाही. आणखी बॅटऱ्या टाकू म्हणाली. मी तिला समजावलं की टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी वाढत नाही, आणि हे दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातल्या मुलीला मी काय सांगावं? आणखी पॅनेल लावायला कमानीवर जागा नाही, दुसरीकडे शिडाची सावली. पिकतं तेवढंच आणि खातात दोघं, फ्रिज आणि ऑटोपायलट. दोघांची भूक जवळजवळ सारखी. त्यात एक जण जगतो, दोघं नाही. एवढं बोलून मी माझी हत्यारं आवरली. ठरल्याप्रमाणे मी घरी, असं म्हटलं, आणि आवाज नीट राहिला याचं मला समाधान वाटलं. घरी येऊन मात्र रडले. बाथरूमचा नळ सोडून, आमच्या सोसायटीत पाण्याची एवढी ओरड असताना.

त्यानंतर काही दिवस मी शेडवर गेले नाही. फ्लॅटभर फिरत राहिले. खालच्या बागेत चालायला जाऊन अर्ध्यातून परत यायची. लिफ्टची वाट बघवायची नाही म्हणून जिने चढायची. मुलगी रोज फोन करून कोचीच्या विमानांच्या वेळा सांगायची, मी बरं म्हणायची. नवरा सकाळी जायचा, संध्याकाळी फायबरची धूळ घेऊन यायचा. फ्रिजचं कनेक्शन आता काढून टाकायला हवं, ते मीच केलं पाहिजे, दुसऱ्याने माझ्या तारांना हात लावलेला मला चालत नाही. शेवटी रविवारी मी पक्कड घेऊन गेले. मुलगीही आली होती, माझी समजूत काढायला असावी.

नवरा बोटीच्या मागच्या टोकाला उकिडवा बसून पाना फिरवत होता. मला वाटलं काही घट्ट करतोय. जवळ गेले तर त्याने ऑटोपायलट सोडवून काढला होता, आणि त्याच्या जागी सुकाणूला नुसता लाकडी दांडा उरला होता, हाताने धरायचा. मी म्हटलं, हे काय करताय, हे फ्रिजपेक्षा महत्त्वाचं आहे, तुम्ही झोपल्यावर बोट कोण बघणार?

"फ्रिज चालंल ना मग?" त्याने विचारलं. "ह्ये न्हाई खाल्लं तर?"

चालेल, मी म्हटलं. मनातल्या मनात हिशेब करून बघितला, परत करून बघितला, ढगाळ दिवस धरून बघितला. चालत होता. मुलगी मध्ये पडली. आईचे खांदे दुखतात, तासन्‌तास सुकाणू धरणं म्हणजे चेष्टा नाही, आलटूनपालटून दोघांनाही झोप मिळणार नाही, असं ती सांगू लागली. सगळं खरं होतं. मी तिच्या बाजूने मान डोलावली सुद्धा.

नवरा शांतपणे उठला. यंत्र फडक्याने पुसून त्याने ते ज्या बॉक्समधून आलं होतं त्यात ठेवलं, वरून थर्माकोल दाबला आणि बॉक्स शिडीवरून खाली मुलीच्या हातात दिला. आमच्या कारखान्यांत मशीन नवीन आलं की पहिला प्रश्न असतो, त्यावर माणूस आहे का? तेवढ्याच साधेपणाने तो म्हणाला, "ह्ये तुज्याकडं ठिव. माज्याकडं मानूस हाय."

मला इतका आनंद झाला की मी मुलीवरच खेकसले, बॉक्स नीट धर म्हणून.